जिन्यातील चित्र

१९८५च्या सुमारास दिल्लीतील आमच्या मंडळाने एक चित्रप्रदर्शन भरविले होते. चित्रे लावण्याचे काम माझ्याकडे होते. मुंबईच्या नामवंतांना मी दर्शनी दालन दिले आणि एक वारली चित्र जिन्यात टांगून त्याखाली ‘हस्तकला’ अशी चिठ्ठी डकविली. पुढे कित्येक वर्षे मला त्यात काही वावगे वाटले नाही.

२००१च्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, जर्मनीतील कासेल येथल्या ‘डॉक्युमेंटा’ या विख्यात प्रदर्शनाचा एक टप्पा दिल्लीत पार पडला. चित्रे पाहावयास मिळतील या आशेने मी गेलो. पाहतो तो तेथे सत्य, न्याय आणि समेट यांवर चर्चा चाललेली! मी हिरमुसून परतलो.

या खटाटोपाचा सूत्रधार होता ओक्वुई एन्वेझोर. १९६३ साली नायजेरियात जन्मलेला, अमेरिकेत राज्यशास्त्र शिकलेला, आरंभी कविता लिहिणारा हा माणूस. कलेतिहासाची पदवी त्याच्यापाशी नव्हती, की पाठीशी एखादे संग्रहालय नव्हते. १९९४ मध्ये त्याने आफ्रिकी कलेला वाहिलेले ‘न्का’ हे नियतकालिक काढले. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ३० आफ्रिकी छायाचित्रकारांची कामे मांडण्यात त्याचा पुढाकार होता. २००२च्या डॉक्युमेंटाचा तो पहिला युरोपबाहेरचा प्रमुख. कासेलला कलाकृती मांडण्यापूर्वी व्हिएन्ना, दिल्ली, सेंट लुसिया आणि लागोस येथे त्याने विचारवंतांना बोलते केले. भिंतीवर जागा कोणाला मिळते, हा प्रश्न अभिरुचीइतकाच न्यायाचाही आहे, हे त्या चर्चांचे मर्म मला फार उशिरा उमगले.

उपेक्षितांचे कैवारी पुष्कळ असतात. ते त्यांच्यासाठी एखादा कोपरा राखून ठेवतात. एन्वेझोरने अवघे दालनच नव्याने मांडले. म्यूनिकच्या ज्या कलाभवनाचे उद्घाटन १९३७ साली हिटलरने केले, त्याच वास्तूचा तो २०११ ते २०१८ प्रमुख होता. महायुद्धोत्तर कलेचे प्रदर्शन भरविताना त्याने तेथे ६५ देशांतील कलावंत एकत्र आणले. मार्च २०१९ मध्ये, बाटल्यांच्या झाकणांतून भव्य पट साकारणाऱ्या घानाच्या एल अनात्सुईचे, त्याने सिद्ध केलेले प्रदर्शन तेथेच उघडले. आठवड्याभरातच एन्वेझोर निवर्तला.

ती वार्ता वाचली आणि मला आमचा जिना आठवला. ते वारली चित्र कोणाचे होते, हे आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. पण आठवणार कोठून? चित्रकाराचे नाव मी त्या वेळी विचारलेच नव्हते.