टाकीतलं उरलेलं पेट्रोल

मालवणला आमच्या घरी पावसाळा आला की होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकत. नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. इथे मिशिगनमध्ये सगळं उलट. दिवाळीच्या सुमाराला सेंट क्लेअर लेकवरून बोट ट्रेलरवर चढवायची आणि एप्रिल-मे उजाडेपर्यंत विसरायची.

तीन वर्षांपूर्वी मी अठरा फुटी जुनी बोट घेतली. पहिल्याच ऑक्टोबरात अडचण उभी राहिली. जिथे बोट ठेवायची होती, त्या बंद शेडच्या मालकाची अट होती की टाकी जवळजवळ रिकामी हवी. माझ्या टाकीत पंधरा गॅलन पेट्रोल. बोट बाहेर उघड्यावर ठेवणारे बरेच जण उलट करतात: टाकी नव्वद-पंचाण्णव टक्के भरून त्यात स्टॅबिलायझर घालतात. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, आणि पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं. वसंतात इंजिन तेच ओढतं.

बाहेर बोचरा वारा होता, म्हणून मी बोट गॅरेजात घेतली आणि प्लास्टिकची नळी आणली. तेवढ्यात बाबांचा व्हिडिओ कॉल आला. नळी दिसताच म्हणाले, "झिला, तोंडान ओढू नको हां!" मग आठवलं. माझ्या लहानपणी काकांनी मशीनचं डिझेल असंच ओढलं होतं. घोटभर छातीत गेलं आणि न्यूमोनिया होऊन ते दोन आठवडे इस्पितळात होते. त्यानंतर काका पूर्वीसारखे कधी पोहले नाहीत.

नळी बाजूला ठेवली आणि दुकानातला व्हॅक्यूम ओढून आणला! आज लिहितानाही अंगावर काटा येतो. शेजारचे निवृत्त आजोबा दारातून ओरडले, "ते बंद कर, आधी बोट बाहेर काढ!" मग त्यांनी बोटाने कोपऱ्यातला वॉटर हीटर दाखवला. आत निळी ज्योत जळत होती. माझा आठ वर्षांचा मुलगा त्याच्या शेजारीच खेळत होता.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटत ज्योतीपर्यंत पोचते. थंडीनेही ती थांबत नाही. व्हॅक्यूमच्या मोटरची एक ठिणगीही पुरली असती.

आजोबांनी मग रीत शिकवली. बोट उघड्यावर, घरापासून लांब. झाकणं उघडून आतला पंखा चार-पाच मिनिटं चालवायचा, वास गेला की बंद करून बॅटरीच्या तारा सोडायच्या. रबरी फुग्याचा हातपंप वापरायचा. पेट्रोलसाठीचे लाल कॅन गाडीत नव्हे, थेट जमिनीवर ठेवायचे, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. फुगायला जागा म्हणून काठोकाठ भरायचे नाहीत. पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक हाताशी. पंधरा गॅलनला पाच-पाच गॅलनचे चार कॅन आणि दीड तास लागला.

ते पेट्रोल ताजं होतं आणि त्यात ऑइल मिसळलेलं नव्हतं, म्हणून थोडं थोडं करून गाडीत घातलं. जुनं किंवा गढूळ असेल तर काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर द्यावं. गटारात किंवा मातीत कधीच ओतू नये. तळाशी राहिलं त्यात दुसऱ्या दिवशी स्टॅबिलायझर घातला आणि पाण्याची नळी जोडून इंजिन दहा मिनिटं चालवलं.

त्या संध्याकाळी बायकोने मला कपडे बदलून आंघोळ केल्याशिवाय पणतीला हात लावू दिला नाही. मुलाने बाबांना फोनवर पणत्या दाखवल्या. बाबांनी त्याला विचारलं, "होडी झाकली मां?"

"झाकली, आजोबा. रिकामी करून."

आपल्या मंडळात आता चार-पाच जणांकडे बोटी आहेत. यंदा कुणाला टाकी रिकामी करायची असेल तर हाक मारा. हातपंप माझ्याकडे आहे. गॅरेजात मात्र मी येणार नाही.