आद्याक्षर

"रिफंड मिळाला" असं आपण म्हणतो, तेव्हा आवाजात बोनस मिळाल्याचा आनंद असतो. पगाराचा आकडा जिवलग मित्रालाही न सांगणारी माणसं रिफंडचा आकडा मात्र बिनधास्त सांगतात. जणू सरकार खूश होऊन काही देतंय. खरं तर तो आपलाच पैसा असतो. वर्षभरात जरुरीपेक्षा जास्त कापला गेलेला आणि हिशोब जुळल्यावर परत येणारा. म्हणूनच १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम २४४अ मध्ये त्यावर व्याजाची तरतूद आली. महिन्याला अर्धा टक्का, म्हणजे वर्षाला सहा. रिटर्न मुदतीत भरला असेल तर ते १ एप्रिलपासून मोजतात. (आणि हो, या व्याजावरही कर लागतो.)

हे सगळं मी मन लावून वाचलं ते २०२४ मध्ये, आईच्या रिफंडसाठी.

बाबा गेल्यावर आलेले पैसे आईने बार्शीच्या एका बँकेत ठेवीत टाकले होते. सव्वीस लाख, सात टक्क्यांनी. वर्षाचं व्याज १,८२,०००. आईला दुसरं काही उत्पन्न नाही, त्यामुळे कर शून्य. पण बँक दहा टक्के टीडीएस कापते, तसा कापला गेला, १८,२०० रुपये. उत्पन्न करपात्र नसेल तर फॉर्म (तेव्हाचा १५जी) देऊन टीडीएस थांबवता येतो. तो दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावा लागतो हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. आता हे पैसे मिळवायचे तर आईला आयुष्यातला पहिला रिटर्न भरावा लागणार होता.

मी म्हटलं, "आई, एवढ्यासाठी कशाला त्रास? मी टाकतो तुझ्या खात्यात."

"तुझे नकोत रे. माझे हवेत."

विषय संपला.

रिफंडचा प्रवास लांबून एका टप्प्याचा वाटतो, पण तो तीन टप्प्यांचा आहे. रिटर्न भरणं आणि व्हेरिफाय करणं या दोन वेगळ्या गोष्टी. १ ऑगस्ट २०२२ पासून व्हेरिफिकेशनला तीस दिवसांची मुदत आहे, आणि तुमचं घड्याळ खरं तिथून सुरू होतं. आईने फोनवर आधारचा ओटीपी एकेक आकडा, मंत्र म्हटल्यासारखा, वाचून दाखवला. आमचा हा टप्पा दोन मिनिटांत झाला.

दुसरा टप्पा बंगळुरूचा. आयकर खात्याच्या तिथल्या केंद्रात तुमचे आकडे आणि बँकेने किंवा कंपनीने तुमच्या पॅनवर जमा केलेला टीडीएस जुळवून पाहिला जातो. जुळला की कलम १४३(१) खालची सूचना मेलवर येते. ही सूचना पाठवायला कायद्याने भरपूर वेळ दिलाय. रिटर्न ज्या आर्थिक वर्षात भरला, ते संपल्यापासून नऊ महिने. म्हणजे जुलै २०२४ मध्ये भरलेल्या रिटर्नसाठी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. प्रत्यक्षात साधे रिटर्न यापेक्षा खूप लवकर उरकतात. आईचा ऑगस्टमध्येच झाला.

इथेच बरेच जण फसतात. स्टेटस 'प्रोसेस्ड' दिसलं की दर तासाला बँकेचं अॅप उघडून बघत बसतात. पण प्रोसेस्ड म्हणजे हिशोब मान्य झाला, एवढंच. पैसे निघतात तिसऱ्या टप्प्यात. रिफंड पाठवायचं काम स्टेट बँकेकडे आहे, तिथून रक्कम तुमच्या बँकेकडे जाते. व्हेरिफिकेशननंतर साधारण चार-पाच आठवडे धरा, असं आयकर खातंच सांगतं. पूर्वी रिफंडचे चेक पोस्टाने यायचे. १ मार्च २०१९ पासून मात्र तो फक्त पॅनशी जोडलेल्या, आधी पडताळलेल्या बँक खात्यातच जमा होतो.

'आधी पडताळलेल्या' या दोन शब्दांत आमचे तीन महिने गेले.

पडताळणीत खाते क्रमांक, आयएफएससी आणि नाव बँकेकडच्या नोंदीशी ताडून पाहतात. रिटर्न भरला तेव्हा आईच्या खात्याची पडताळणी सुरू होती. पुढे तिथे 'फेल्ड' आलं आणि रिफंडही 'फेल्ड' झाला. कारण, नाव जुळत नाही.

मी रोज डेटा जुळवायचं काम करतो. दोन नोंदींतली माणसं एकच आहेत का, हे मशीनला ठरवायला लावणं किती अवघड असतं, मला माहीत आहे. पण ते ग्राहक क्रमांक असतात. आईची कागदपत्रं जमिनीवर मांडली तेव्हा कळलं की मराठी बाईचं नाव हा किती अवघड डेटा आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. लग्नात ताम्हणातल्या तांदळांत बाबांनी लिहिलेलं दुसरं नाव, जे रेशन कार्डावर आहे. पॅन आणि आधारवर ते नवं नाव, बाबांचं पूर्ण नाव, मग आडनाव. बँकेत आडनाव आधी, मग तिचं नाव आणि शेवटी 'बाई' जोडलेलं. बाबांच्या नावाचं एकच आद्याक्षर. आडनावातल्या 'व'साठी पॅनवर 'व्ही' आहे, पासबुकावर 'डब्ल्यू'. या सगळ्या कागदांवरची बाई एकच आहे हे बार्शीत तिच्या गल्लीतलं कुणीही सांगेल. बंगळुरूच्या संगणकाने ते कसं सांगावं?

मधल्या काळात आईला एक मेसेज आला. 'तुमचा रिफंड मंजूर झाला आहे, खात्याची माहिती भरण्यासाठी लिंक दाबा.' ऐकून माझ्या छातीत धस्स झालं. आई शांतपणे म्हणाली, "दाबली नाही. यात माझं नावसुद्धा नाही. इथे नावाचा काना-मात्रा चुकला तर पैसे देत नाहीत, हे बिननावाचे कुठून देणार?" आयकर खातं पिन, पासवर्ड किंवा ओटीपी मागत नाही, हे मी तिला सांगणार होतो. त्याची गरज पडली नाही.

एका शनिवारी आम्ही बँकेत गेलो. पहिल्यांदा फॉर्म जुना निघाला. दुसऱ्यांदा लग्नाचा दाखला मागितला. आई-बाबांचं लग्न १९९१ मधलं, नोंदणी वगैरे कुणी केलेली नव्हती. लग्नाचा पुरावा म्हणजे एक अल्बम आणि मी. तिसऱ्या खेपेला एका ताईंनी आधार आणि पॅनवर सारखंच नाव आहे हे पाहून केवायसीचा फॉर्म घेतला. भरता भरता त्यांनी सहज विचारलं, "काकू, मिस्टर नाहीत ना आता? मग मधलं नाव ठेवायचं की काढायचं?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. तो फॉर्ममधला एक रकाना होता. आई थोडा वेळ काही बोलली नाही. मी घाईने काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "ठेवायचं. आणि पूर्ण लिहा. आद्याक्षर नको."

बँकेत नाव बदलल्यावर खातं पुन्हा पडताळणीला टाकलं. हिरवी खूण आली. मग पोर्टलवर 'रिफंड रीइश्यू'ची विनंती केली. रिफंड फेल झाला म्हणजे पैसे बुडाले असं नाही. खातं दुरुस्त करून ही विनंती करावी लागते, ती आपणहून होत नाही. हे माहीत नसल्यामुळे वाट बघत बसलेले लोक मी पाहिलेत. कुणाचं जुनं येणं बाकी असतं आणि रिफंड त्यात वळता होतो, त्याची नोटीस आलेली असते पण मेल उघडलेला नसतो. कुणाचं पॅन आधारशी जोडलेलं नसतं. १ जुलै २०२३ पासून अशा निष्क्रिय पॅनवर रिफंड मिळत नाही, त्या काळाचं व्याजही नाही. कुणाची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते आणि आयएफएससी जुनाच असतो. कारण कळलं की उपाय बहुतेक वेळा साधा असतो. कारण कळेपर्यंतच जीव जातो.

नोव्हेंबरच्या एका गुरुवारी दुपारी आईचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो, तरी उचलला. "आले," एवढंच म्हणाली. संध्याकाळी सविस्तर बोललो. व्याज धरून पैसे जमा झाले होते. त्याचं काय करणार, असं मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. ती दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत होती. बँकेने नवं पासबुक दिलं होतं, त्यावर दोघांची नावं पूर्ण छापून आली होती.

आता एप्रिल उजाडला की ती स्वतः जाऊन टीडीएस थांबवायचा फॉर्म भरून येते. गल्लीतल्या दोन बायकांनाही घेऊन जाते. जाण्याआधी त्यांचं पॅन आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून अक्षरं जुळवते.

परवा तिने मला विचारलं, "तुझं नाव सगळीकडे सारखं आहे का रे? बघून ठेव."

मी बघितलं. दहावीचं प्रमाणपत्र, इंजिनिअरिंगची डिग्री, पॅन, आधार, पासपोर्ट, बँक. सगळीकडे तेच नाव, तेच स्पेलिंग. बघताना लक्षात आलं, एकोणतीस वर्षांत ते बदलणार का, असं मला कुणी विचारलंच नव्हतं.