एका प्रश्नाचें राहिलेलें उत्तर

इयत्ता दहावीच्या वर्गावर नीतिशिक्षणाचा तास आमच्याकडे असतो. गेल्या पावसाळ्यांतील एका तासाला आम्हीं मुलांपुढें एक प्रसिद्ध कोडें मांडलें. एक ट्राम भरधाव येत आहे; तिचे ब्रेक निकामी झाले आहेत. समोरच्या रुळांवर पांच मजूर काम करीत आहेत, आणि बाजूच्या फांट्यावर एकच मजूर आहे. गाडी हांकणारानें ती सरळ जाऊं द्यावी, कीं फांट्यावर वळवावी? हें कोडें फिलिपा फूट या इंग्लिश विदुषीनें १९६७ सालीं एका निबंधांत घातलें, आणि तेव्हांपासून तत्त्वज्ञानाच्या वर्गांतून त्यावर वाद चालत आले आहेत. आमच्या वर्गांतील बहुतेक हात ‘वळवावी’ या बाजूला वर झाले.

मग आम्हीं दुसरें कोडें घातलें. तें ज्युडिथ थॉमसन या अमेरिकन विदुषीचें. एका इस्पितळांत पांच रोगी निरनिराळे अवयव न मिळाल्यामुळें मरणाच्या दारीं टेकले आहेत. एक धडधाकट तरुण सहज तपासणीसाठीं आला आहे. डॉक्टरानें त्या एकास मारून पांचांस वांचवावें काय? आतां एकही हात वर होईना. पांच आणि एक हा हिशेब दोन्ही ठिकाणीं सारखाच. मग पहिल्या वेळीं पटलेला हिशेब दुसऱ्या वेळीं कां पटूं नये? वर्गांत मोठा गलबला उडाला, आणि शिक्षकास जो आनंद क्वचितच लाभतो तो आम्हांस लाभला. इतक्यांत मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी उभी राहिली व म्हणाली, “सर, रुळांवरचीं माणसें राहूं द्या. तुमच्यावर असा प्रसंग कधीं आला होता काय? तेव्हां तुम्हीं काय केलें?” घंटा झाली, आणि तिचा आधार घेऊन आम्ही वर्गाबाहेर पडलों. तेव्हांपासून त्या उत्तराचें देणें आमच्यावर आहे. या अंकासाठीं संपादकांनीं लेख मागितला, तेव्हां दुसरा विषय सुचेना; म्हणून तें देणें येथें फेडीत आहों.

प्रथम, ज्या दोन मतांच्या आधारें मुलें भांडत होतीं त्यांची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. पहिलें मत कर्तव्यवादाचें. त्याचा प्रमुख आचार्य इमॅन्युएल कांट (१७२४–१८०४) हा प्रशियांतील केनिग्सबर्ग येथें अध्यापक होता. १७८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादिलें कीं, कृत्याची योग्यता त्याच्या फळावरून ठरत नाहीं. ज्या नियमानें आपण वागतों तो सर्वांचाच नियम व्हावा असें आपणांस निःशंकपणें इच्छितां येईल काय, हें पाहून ती ठरवावी. तसेंच कोणाही मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरूं नये. मनुष्य हा स्वतःच साध्य आहे. इस्पितळांतील तरुणाच्या वेळीं मुलांचे हात खालीं राहिले ते याच विचारामुळें. दुसरें मत उपयुक्ततावादाचें. जेरेमी बेंथम (१७४८–१८३२) यानें सुखदुःख मोजण्यास तीव्रता, काल, निश्चितता इत्यादि सात मापें सांगितलीं, आणि जेणेंकरून एकंदर सुख अधिक होईल तें कृत्य योग्य असें ठरविलें. जॉन स्टुअर्ट मिल (१८०६–१८७३) यानें १८६१ सालीं याच मताचें अधिक संस्कारलेलें रूप मांडिलें. महाराष्ट्राला हें मत परकें नाहीं. आगरकरांच्या पिढीनें मिल आवडीनें वाचिला, आणि लो. टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्य’ ग्रंथांत पुष्कळांच्या पुष्कळ सुखाच्या या तत्त्वाची कसून परीक्षा केली. दुसऱ्यांकडून जी वागणूक हवी तीच दुसऱ्यांस द्यावी, या प्रभु येशूच्या नियमांत आपल्या मताचें सारें मर्म आहे, असें मिलनें लिहून ठेविलें आहे. कांटला मात्र तेवढा नियम अपुरा वाटला.

आतां आमची गोष्ट. सन २००४ मध्यें आम्ही नुकतेच पदवी घेऊन एका दूरच्या गांवीं शिक्षक झालों होतों, आणि शाळेच्या वसतिगृहाची देखरेखही आमच्याकडे होती. त्या भागांतील पुष्कळ कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस जात. मुकादमाकडून आधीं उचल घ्यावयाची, आणि हंगामभर कारखान्याच्या हद्दींत खोपी घालून ती फेडावयाची, असा तो व्यवहार. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुलें कोणत्याच हिशेबांत नसतात, पण मोळ्या बांधावयास आणि धाकट्यांना सांभाळावयास तींच लागतात. आमच्या शाळेंतील एक तेरा वर्षांचा मुलगा असा नेला गेला होता. एका रात्रीं तो पळून वसतिगृहाच्या दारीं आला. त्याला शिकावयाचें होतें. आम्हीं त्याला जेवूं घातलें आणि अंथरूण दिलें. तिसऱ्या दिवशीं दुपारीं त्याचा बाप फाटकाशीं आला व म्हणाला, “गुरुजी, आमचं पोरगं हितं आलंय का?”

आमच्या डोक्यांत तेव्हां महाविद्यालयांतील कांट ताजा होता. कांटनें १७९७ सालीं एक लहानसा निबंध लिहिला आहे. मित्राच्या जिवावर उठलेला खुनी दारीं येऊन ‘तो घरांत आहे काय’ असें विचारूं लागला, तरीही खोटें बोलूं नये, असा त्यांतील सिद्धांत आहे. आम्हीं फाटकाशीं उभे राहून “होय” म्हटलें. पाव तासांत तो मुलगा आपली पिशवी घेऊन बापामागून निघून गेला. पुढें तो शाळेंत परत आला नाहीं. त्या रात्रीं आम्ही शांत झोंपलों. कारण आपण खरें बोललों असें आम्हांस वाटत होतें. आज त्या झोंपेचीच अधिक लाज वाटते.

महाभारताच्या कर्णपर्वांत कौशिक नांवाच्या ब्राह्मणाची कथा आहे. सदा सत्य बोलण्याचें त्याचें व्रत होतें. जीव घेऊन पळालेलीं माणसें कोणत्या वाटेनें गेलीं असें लुटारूंनीं विचारतांच त्यानें खरी वाट दाखविली. माणसें मारलीं गेलीं, आणि कौशिक नरकास गेला. कृष्णानें ही कथा अर्जुनास सांगितली आहे. आमच्या शास्त्रांतही मिसर देशांतील सुइणींनीं इब्री बाळें वांचविलीं आणि फारोपुढें सबब सांगितली; राहाबेनें हेरांना आपल्या धाब्यावर लपवून शिपायांस दुसरीकडे पाठविलें; आणि त्या स्त्रियांचें नांव तेथें आदरानेंच घेतलें आहे. या कथा आम्हांस ठाऊक होत्या. त्या दुपारीं त्यांतील एकही आठवली नाहीं.

तथापि आम्ही खोटें बोलावयास हवें होतें, असेंही आम्हांस आज वाटत नाहीं. तो बाप खुनी नव्हता. तो उचलीच्या ओझ्याखालीं वांकलेला एक गरीब मनुष्य होता; त्याला कांटच्या खुन्याच्या जागीं बसविणें हा आम्हीं त्याच्यावर केलेला अन्याय होय. “मुलगा सुखरूप आहे; आंत या, पाणी घ्या, बसा,” असें म्हणण्यास आम्हांस कोणी अडविलें होतें? मुख्याध्यापकांस बोलावितां आलें असतें. उचल किती, ती फेडण्यास किती दिवस लागतील, मुलाची सोय वसतिगृहांत हंगामभर होईल काय, हें सारें विचारितां आलें असतें. खोटें आणि ‘होय’ यांच्यामध्यें एवढें मोठें मैदान पडलें होतें, आणि आम्हीं त्यांत पाऊलही टाकिलें नाहीं. डब्ल्यू. डी. रॉस या पंडितानें १९३० सालीं दाखवून दिलें कीं, मनुष्यावर एकाच वेळीं अनेक कर्तव्यें असतात: वचन पाळणें, इजा न करणें, साह्य करणें इत्यादि, आणि त्यांतील कोणतें वरचढ हें प्रसंग नीट न्याहाळूनच ठरवावें लागतें. आम्हीं एक कर्तव्य हातीं धरलें आणि बाकीचीं फाटकाबाहेर जाऊं दिलीं.

दुसरा प्रसंग त्यानंतर सात वर्षांनीं, दुसऱ्या एका शाळेंत घडला. नववीची वार्षिक परीक्षा चालू होती. त्या परीक्षेंत पहिला येईल त्यास कांहीं हितचिंतकांच्या देणगींतून पुढील शिक्षणाची फी व पुस्तकें मिळावयाचीं होतीं. पहारा करितांना एका मुलाच्या पॅडखालीं आम्हांस चिठ्ठी सांपडली. त्याला वडील नव्हते. आई चार घरचीं धुणींभांडीं करी. पहिल्या चुकीचें शल्य मनांत होतें. यावेळीं नियम न पाहतां मनुष्य पाहावा असा आमचा निश्चय झाला. आम्हीं उभ्याउभ्याच हिशेब केला. चिठ्ठी दाखविली तर मुलाचें शिक्षण संपेल, आईचा आधार तुटेल. न दाखविली तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. चिठ्ठी आम्हीं आपल्या खिशांत घातली. मुलगा तीन गुणांनीं पहिला आला.

जून महिन्यांत शाळा उघडली तेव्हां दुसऱ्या क्रमांकाची मुलगी वर्गांत दिसली नाहीं. चौकशी करितां कळलें कीं, घरीं एकाच मुलाची फी भरण्याची ऐपत होती, आणि ती धाकट्या भावाची भरली गेली. मुलगी शिवणकामास बसली होती. आमच्या हिशेबांत त्या मुलाची आई होती, आमची दया होती, मुलाचें भवितव्य होतें. पण ही मुलगी कोठेंच नव्हती. ती त्याच खोलींत, तीन बाकांपलीकडे, मान खालीं घालून लिहीत बसली होती. प्रत्येक मनुष्य एकच मोजावा, कोणीही एकाहून अधिक मोजूं नये, हें बेंथमच्या मताचें पहिलें सूत्र आहे. त्या मतानें चालतों असें समजून आम्हीं त्याचेंच पहिलें सूत्र मोडलें होतें. आणि ‘प्रत्येक परीक्षकानें असेंच करावें, असें तुला इच्छितां येईल काय?’ हा कांटचा प्रश्न जर आम्हीं स्वतःस एकदां विचारिला असता, तर ती चिठ्ठी खिशांत गेलीच नसती.

पुढें आम्हीं मुख्याध्यापकांपाशीं सर्व कबूल केलें. ठपका मिळाला, तो योग्यच होता. मुलीच्या घरीं जाऊन तिची फी आम्ही भरूं असें सांगितलें. तिचे वडील म्हणाले, “आता तिनं काम धरलंय, सर.” फी देऊं करण्याचें खरें कारण त्यांस सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं, तें अद्यापि झालेलें नाहीं. तो मुलगा पुढें चांगला शिकला व आज आपल्या आईस सुखानें सांभाळतो. याचा आम्हांस आनंद होतो; पण त्या आनंदानें मुलीचें खातें बेबाक होत नाहीं.

या दोन प्रसंगांनंतर शुभवर्तमानांतील दोन हिशेब आम्ही पुन्हां पुन्हां ताडून पाहिले आहेत. योहानाच्या अकराव्या अध्यायांत कयफा हा मुख्य याजक सभेला सुचवितो कीं, सर्व राष्ट्र बुडण्यापेक्षां एका मनुष्यानें मरणें बरें. गणित म्हणून त्यांत चूक काढितां येणार नाहीं. आणि त्याच गणितानें निर्दोष्यास क्रुसावर नेलें. उलट, लूकाच्या पंधराव्या अध्यायांतील मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरें सोडून हरवलेल्या एकाच्या शोधास निघतो. बेरीज-वजाबाकीला हें मुळींच पटणार नाहीं. परंतु भुकेल्या पांच हजारांकडे पाहून कळवळणाराही तोच प्रभु आहे. म्हणजे संख्येस त्याच्यापाशीं किंमत नव्हती असें नव्हे. संख्या मोजावी, पण जो मोजणींतून गळला त्याच्यासाठीं मागें वळावें, एवढें आम्ही त्यांतून शिकलों.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, या दोन मतांपैकीं खरें कोणतें, हा निकाल आम्ही देत नाहीं. मात्र त्यांचा उपयोग कसा करावा याविषयीं एक गोष्ट अनुभवानें सांगतों. ज्या मताकडे आपलें मन आधींच ओढलें जातें, त्याच्या उलट मताला प्रथम बोलूं द्यावें. आपण कठोर होऊं पाहत असूं तेव्हां मिलला विचारावें कीं, यानें कोणाकोणास दुःख होईल? आपण सवलत देऊं पाहत असूं तेव्हां कांटला विचारावें कीं, हीच सवलत सर्वांनीं सर्वांस द्यावी काय? २००४ सालीं आम्हांस आपली शुद्धता प्रिय होती, म्हणून आम्हीं कांटला बोलाविलें. पुढच्या वेळीं आपली दया प्रिय होती, म्हणून बेंथमला बोलाविलें. दोन्ही वेळां आम्हीं न्यायाधीश म्हणून बोलाविलेला मनुष्य वस्तुतः आमचाच वकील होता.

आणखी एक. ट्राम हांकणारापाशीं क्षणाचाही अवकाश नसतो. म्हणून तें कोडें इतकें बिकट वाटतें. आमच्यापाशीं तसें नव्हतें. मुलगा आल्यापासून बाप येईपर्यंत पुरे तीन दिवस होते, आणि चिठ्ठी सांपडल्यापासून निकाल लागेपर्यंत कित्येक आठवडे. त्या काळांत एका वडील माणसाचा सल्ला घेतां आला असता, प्रार्थनेंत घटकाभर बसतां आलें असतें. नित्याच्या आयुष्यांतील बहुतेक धर्मसंकटें अशींच सावकाश येतात. घाई आपण करितों.

असो. मागच्या बाकावरील मुली, तुझ्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे: होय, दोन वेळां प्रसंग आला होता, आणि दोन्ही वेळां आम्ही चुकलों. हें उत्तर त्या दिवशींच द्यावयास हवें होतें. पुन्हां कांहीं विचारावयाचें असेल, तर घंटेच्या जरा आधीं विचार.