माईक बंद झाल्यावर

मागच्या चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत माझा सत्कार झाला. सूत्रसंचालन करणारं पोरगं नवं, आवाज खणखणीत. माईकवर म्हणालं, "समाजासाठी संसाराची होळी करणारे, आजन्म अविवाहित राहिलेले, त्यागमूर्ती..." आणि पुढे माझं नाव. टाळ्या पडल्या. मी हात जोडले, शाल घेतली, खाली उतरलो.

रात्री अकराला खोलीवर आलो. कुलूप काढलं, दिवा लावला. सकाळचा भात होता, त्यावर दही ओतून पातेल्यातच उभ्याउभ्या खाल्ला. एकट्या माणसाला ताट घ्यायचाही कंटाळा येतो. शाल दोरीवर टाकली आणि मग लाज वाटायला लागली. पोरगं खोटं बोललं नव्हतं. त्याला जे माहीत ते त्याने सांगितलं. खोटा मी होतो.

दोस्तांनो, मी बावन्न वर्षांचा आहे. एकटा आहे. पण समाजासाठी वगैरे नाही. ते एकदा कागदावर सांगून टाकतो.

11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून लोक रस्त्यावर आले. त्यांच्यावर गोळीबार झाला, दहा माणसं मेली. मी तेव्हा चोविशीत. त्या दिवसांत आम्ही घरी जातच नव्हतो. पत्रकं, सभा, मोर्चे. तिथेच ती भेटली. ती मातंगाची, मी महाराचा, म्हणजे बौद्ध. माझं भाषणाचं पेटंट ठरलेलं होतं : जातिअंत. 1936 च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी आंतरजातीय लग्न हाच खरा उपाय म्हणून सांगितलाय, हे मी मुठी आवळून सांगायचो. पोटजाती गाडा म्हणायचो. पब्लिक उसळायचं.

एकदा सभेनंतर स्टेशनपर्यंत चालताना तिने सरळ विचारलं, "आपलं काय?" मी म्हणालो, "आंदोलन जरा मार्गी लागू दे." वर्षाने तिने पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "समाज अजून तयार नाही."

समाज म्हणजे कोण? समाज म्हणजे माझी आई. ती म्हणाली होती, "दोन बहिणी उजवायच्यात. मांगाची सून आणलीस तर आपल्यात त्यांना करील कोण?" तिचं चुकलं असं मी तिला एकदाही म्हणालो नाही. हजार माणसांपुढे मनुस्मृतीवर तुटून पडणारा मी, स्टोव्हपुढे बसलेल्या एका बाईपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटली. आणि त्या भित्रेपणाला मी 'आंदोलन' नाव दिलं, 'समाज' नाव दिलं. ती शेवटी एवढंच म्हणाली, "तुला माझ्याशी बोलायलापण माईक लागतो काय रे?"

तिचं लग्न झालं. बहिणींची झाली. आई वारली. समाज अजून तयार होतोय.

पुढे स्थळं आली, गेली. चाळिशी उलटली तशी तीही थांबली. आणि मग हळूहळू लोकांनीच मला त्याग चिकटवला. मी नको म्हणालो नाही. मोठ्या शब्दाचा हाच फायदा असतो, तो एकदा चढवला की आत काय आहे ते कुणी उघडून बघत नाही.

पण माणूस शब्दात राहत नाही, खोलीत राहतो. मध्ये खोली बदलायची वेळ आली. एजंटचे दोन प्रश्न. पहिला, "फॅमिली आहे का?" दुसरा, "आडनाव काय?" दुसऱ्या प्रश्नावर माझ्याकडे दीड तासाचं भाषण तयार आहे. पहिल्यावर एक वाक्यही नाही. तिथे मी खाली मान घालून जिना उतरतो.

गेल्या पावसाळ्यात ताप भरला, इस्पितळात जावं लागलं. फॉर्मवर रकाना होता : जवळच्या नातेवाइकाचं नाव. स्टेजवरून मी कितीदा म्हणालोय, समाज हेच माझं कुटुंब. त्या रकान्यात 'समाज' लिहिता येत नाही. शेजारच्या म्हातारीचं नाव टाकलं. तिने तीन दिवस पेज आणली. आमच्या एकाही सभेला ती कधी आलेली नाही.

आणखी एक. आमच्याच वस्तीत एक बाई आहेत, माझ्याच वयाच्या, बिनलग्नाच्या. तीस वर्षं महिला मंडळाचा हिशोब त्यांनी ठेवला, एक रुपया इकडचा तिकडे नाही. त्यांना कुणी त्यागमूर्ती म्हणत नाही. "काहीतरी भानगड असणार," म्हणतात. पुरुष एकटा राहिला तर शाल, बाई एकटी राहिली तर कुजबुज. हे आपल्या निळ्या झेंड्याखाली चालतं. मी त्याच स्टेजवर बसलेला असतो आणि मीही गप्प असतो.

आपल्या लग्नात जेवणाआधी भाषणं असतात. मलाही बोलावतात. संसार ज्याने केला नाही तो संसारावर बोलतो! वक्ते रमाईचं दुःख सांगून बायकांना रडवतात, सोस म्हणून नवरीला शिकवतात. 20 जुलै 1942 ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेब काय बोलले ते कुणी सांगत नाही. लग्नाची घाई करू नका, ती जबाबदारी आहे. आणि केलंत तर नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभ्या राहा, दासी होऊ नका, असं ते बोलले. राजकीय परिषदांच्या धामधुमीत माणसाच्या घरातली गोष्ट अशी साध्या शब्दात बोलता येते.

27 मे 1935 ला रमाबाई गेल्या. 1940 साली 'थॉट्स ऑन पाकिस्तान' आलं. देशाच्या फाळणीच्या प्रश्नावरचं पुस्तक, आणि अर्पण केलंय रामूच्या स्मृतीला, हलाखीच्या दिवसांत तिने सोबत सोसलं म्हणून. तेरा वर्षं ते एकटे होते. त्यातच स्वतंत्र मजूर पक्ष, मजूरमंत्रिपद, घटनेचा मसुदा. शरीर थकलं, मधुमेहाने, पायाच्या दुखण्याने बेजार झाले, आणि 15 एप्रिल 1948 ला त्यांनी डॉ. शारदा कबीरांशी लग्न केलं. वय सत्तावन्न. आपल्याच माणसांनी नाकं मुरडली. ते नाकं मोजत बसले नाहीत. आधाराची गरज लागली, ती त्यांनी लपवली नाही.

याचा अर्थ सगळ्यांनी लग्न करावं असा नाही. ज्याला एकटं राहायचं त्याने खुशाल राहावं, ताठ मानेने राहावं. फक्त आपल्या भीतीवर चळवळीचं नाव टाकू नये. नाहीतर चळवळीतलेच शब्द पोकळ होतात, आणि पुढचं पोरगं तेच पोकळ शब्द खणखणीत आवाजात म्हणतं.

ते पोरगं दुसऱ्या दिवशी सत्काराचे फोटो घेऊन आलं. चहा पिताना म्हणालं, "काका, मीपण लग्नबिग्न करणार नाही. तुमच्यासारखं वाहून घेणार."

मी विचारलं, "कोण आहे ती?"

ते लाजलं. मग थोड्या वेळाने म्हणालं, "आई तयार नाही होणार."

मी त्याला जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. स्टेशनचं, स्टोव्हचं, रकान्याचं. पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो, आवाज फुटेना. ते शेवटपर्यंत ऐकत बसलं. उठताना मी म्हणालो, "आज रात्री आईशी बोल. माईक नको, घोषणा नको. आई रडेल, ओरडेल. उठून जाऊ नकोस. बोलत राहा."

तो बोलला की नाही, अजून कळलेलं नाही. एवढीच विनंती, पुढच्या चौदा एप्रिलला माझी ओळख करून देताना नुसतं नाव सांगा.

जय भीम.