रानम्हशीचं रक्त

एका वर्षी मी आळस केला. घरच्या रेड्याला त्याच्याच लेकी दाखवल्या. दोन रेडकं झाली ती दुबळी; एक तर जगलंच नाही. वडील एवढंच म्हणाले, "रेडा लांबच्या गावचा आणायचा असतो."

हीच अडचण आज रानम्हशींची आहे. छत्तीसगडच्या उदंतीत एके काळी 'आशा' ही एकच मादी उरली होती. आपल्या गडचिरोलीत कोलामार्क्याच्या रानात थोड्या आहेत. कळप लहान, म्हणून नाती जवळची. त्यात गावचा रेडा शिरला की रक्तात भेसळ. शिंगं डोळ्यांना दिसतात, रक्त दिसत नाही. शास्त्रज्ञ शेणाच्या नमुन्यातूनही डीएनए काढून अस्सल कोण, कुणाचं नातं किती जवळचं, ते ओळखतात. मग जोडी ठरवता येते. २०२० आणि २०२३ मध्ये आसामच्या मानसमधून रानम्हशी छत्तीसगडात आणल्या. पण इतकं लांबचं रक्त मिसळावं का, यावर जाणत्यांत वाद आहे.

जंगलालगतच्या मंडळींनी मात्र दोन गोष्टी कराव्यात: रेडा रानात मोकळा सोडू नये आणि गुरांना लाळ्या-खुरकूताची लस टोचून घ्यावी. अस्सल बी एकदा बुडालं, की कुठल्याच बाजारात मिळत नाही.