उरलेल्या वर्षांची वजाबाकी

भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे 70 वर्षे आहे, आणि हा आकडा कानावर पडला की साठी गाठलेला मनुष्य आपल्यापुढे आता दहाच वर्षे उरली असे धरून चालतो. निवृत्तीनंतरची पुष्कळ ओढाताण या चुकीच्या वजाबाकीतून उद्भवते. जन्मवेळच्या आयुर्मानात पाळण्यातच दगावणारी बालकेही मोजली जातात, म्हणून स्वातंत्र्याच्या सुमारास ते 32 वर्षांच्या आसपास असले, तरी त्या काळची माणसे तिशीत वार्धक्याने मरत होती असा त्याचा अर्थ होत नाही. साठी ओलांडणाऱ्याने बालपणाचे आणि तारुण्याचे धोके मागे टाकलेले असतात, आणि त्याच्यापुढे सरासरीने दहा नव्हे, तर सुमारे 18 वर्षे असतात.

वयागणिक बदलणारा हा हिशेब ज्या तक्त्यात मांडतात, त्याला जीवनसारणी म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली याने 1693 साली ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून असा तक्ता रचला, तो वर्षासनाची, म्हणजे एकरकमी पैसे भरून हयातभर दरसाल मिळणाऱ्या उत्पन्नाची, रास्त किंमत ठरवता यावी म्हणून. कारण इंग्लंडचे सरकार तेव्हा तरुणाला आणि वृद्धाला एकाच भावाने वर्षासन विकत होते. सारणी समूहाविषयी बोलते, एका व्यक्तीचा मृत्यू ती सांगत नाही, आणि पत्रिकेतल्या आयुर्दायासारखी ती वाचणे हा तिच्यावर अन्यायच होय.

उरलेल्या वर्षांचा हा आकडा भीती घालण्यासाठी वापरला, तर माणूस तो ऐकायचेच टाळतो. मात्र काय परत मिळवता येते हे त्यातून दाखवले, तर तोच आकडा धीर देतो. ब्रिटनमधील डॉक्टरांच्या धूम्रपानाचा रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 पासून पन्नास वर्षे मागोवा घेतला, तेव्हा सिगारेट ओढत राहणाऱ्यांचे आयुष्य सरासरीने दहा वर्षांनी घटल्याचे दिसले, परंतु पन्नाशीत व्यसन सोडणाऱ्यांना त्यांपैकी सुमारे सहा, आणि साठीत सोडणाऱ्यांनाही सुमारे तीन वर्षे परत मिळाली होती. आता सोडून काय उपयोग, असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांपुढे ठेवण्याजोगी याहून आश्वासक गोष्ट क्वचितच असेल.

पैशाच्या नियोजनात मात्र सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पत्नीच्या वर्षांकडे. साठीनंतर स्त्रिया सरासरीने पुरुषांपेक्षा अधिक जगतात, आणि आपल्याकडे पत्नी बहुधा पतीहून काही वर्षांनी लहान असते. या दोन्ही गोष्टींची बेरीज केली, तर पतीच्या पश्चात पाच-सात वर्षे, अनेकदा त्याहून अधिक, तिला एकटीने काढावी लागतात, आणि ती नेमकी दुखण्याखुपण्याची, औषधपाण्याच्या वाढत्या खर्चाची वर्षे असतात. जिने आयुष्यभर घर सांभाळले, तिच्या नावावर पुष्कळदा स्वतःचे निवृत्तिवेतन नसते. तरीही वर्षासन घेताना केवळ पतीच्या हयातीपुरता पर्याय निवडला जातो, कारण त्यात दरमहा हाती येणारी रक्कम थोडी मोठी दिसते. दोघांच्या हयातीचा पर्याय घेतला, तर ती रक्कम काहीशी कमी होते, पण पती गेल्यानंतरही पत्नीच्या खात्यात ती तिच्या अखेरीपर्यंत जमा होत राहते.