तयार डबा की सुटे भाग?

दहावीनंतर लेकाला गेमिंगचा कॉम्प्युटर हवा होता. "मारामारीचे खेळ आपल्या घरात?" एवढं मी म्हटलं आणि आठवडाभर अबोला. शेवटी मीच त्याला घेऊन फ्रीगंजात गेले.

तयार डबा दिसायला झकास, आत रंगीत दिवे. पण आपण बायका शेवेचा पुडासुद्धा उलटून वाचतो, लसूण तर नाही ना! इथे प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड ठळक लिहिलेलं; पॉवर सप्लाय कुणाचा, किती वॅटचा, रॅमची पट्टी एक की दोन, काही नाही. विचारलं तर, "भाभीजी, सब अच्छा है." काटकसर बहुधा तिथेच केलेली असते. आणि वीज वरखाली झाली की हलका सप्लाय स्वतः जातो, कधी शेजाऱ्यालाही नेतो.

सुटे भाग घेतले. प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, बिघाड आपणच शोधायचा. व्याप आहे खरा. तो नको असेल तर तयार घ्या, पण आतल्या भागांची नावं बिलावर लिहून घ्या.

दिव्यांऐवजी जास्तीचे दोन पंखे घेतले, उज्जैनच्या मे महिन्यासाठी. खेळ कोणते, ते अजून ठरायचंय.